विमान उतरवणारा

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर माझ्या खाकरण्यावरून मनातलं ओळखते. तुम्हालाच का सांगतोय? कोण जाणे. आत ठेवायला आता जागा उरली नाही.

लातूर जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच. तो बघायला मोठी माणसं विमानानं येत. गावाबाहेरच्या धावपट्टीवर टॉवर वगैरे काही नव्हतं. पत्र्याची खोली, एक वायरलेस सेट आणि मी. वैमानिकानं वरून विचारायचं, पट्टी मोकळी आहे का? मी बघून सांगायचं. एवढंच काम, पण रुबाब केवढा! सोयऱ्याधायऱ्यांत मी 'विमान उतरवणारा' होतो.

सेट गाडीच्या बॅटरीवर चाले. जिल्हा झाल्याची मिरवणूक निघाली, तेव्हा मेव्हण्यानं भोंग्यासाठी ती बॅटरी मागितली. मी दिली. सरकारी वस्तू — पण नाही म्हटलं असतं तर रुबाब कुठं राहिला असता? दुसऱ्या दिवशी ती परत आली. जोडली, सेट खरखरला. म्हटलं, चालू आहे. ऐकायला वीज थोडी लागते, बोलायला फार — हे मला शिकवलेलं होतं. तरी मी एकदाही बोलून पाहिलं नाही.

त्याच दुपारी तुटक्या कुंपणातून गुरं पट्टीवर शिरली. शिवारात वाळकं गवत उरलं होतं ते तिथंच. ती हाकायला रोजंदारीवर मन्मथअप्पा होते — उदगीरकडचे, गळ्यात लिंग, तोंडात सदा थट्टा. विमान यायची वेळ झाली होती, म्हणून ते थबकले.

"जा अप्पा, मी विमान वरच थांबवतो," मी म्हणालो.

"तुमी हाय ना सायेब, मंग कशाचं भ्याव!" म्हणत ते गेले.

मग सेटवर आवाज आला. पट्टी मोकळी आहे का? मी बोलायचं बटण दाबलं — सेटचा दिवा विझला. सोडलं, लागला. पुन्हा तोच प्रश्न. त्याचं मला स्वच्छ ऐकू येत होतं, माझं त्याला नाही. दोनदा विचारून उत्तर आलं नाही तर उतरायचं, अशी तेव्हा तिथली रीत. धुळीत त्याला खालचं काय दिसणार? मी ओरडत बाहेर धावलो. उशीर झाला होता. विमानाचा आवाज अप्पांनी ऐकला असणारच. तरी त्यांनी वळून पाहिलं नाही — मी थांबवणार होतो ना?

अप्पा जागीच गेले.

इथवर चूक म्हणाल. पुढचं काय म्हणाल? चौकशी येण्याआधी मी बॅटरी चार्ज करून आणली. साहेबांना सांगितलं, मी उत्तर दिलं होतं, वर पोचलं नसावं. आणि अप्पांना आत जायला मी मनाई केली होती. मेलेला माणूस थोडाच खोटं पाडायला येतो? सगळा ठपका त्यांच्यावर गेला. घरच्यांच्या हाती काही पडलं नाही. माझी नोकरी राहिली.

महिन्याभरानं अप्पांची बायको, गंगाबाई, माझ्या दारात आली. आत या म्हटलं तरी आली नाही.

"सायेब, आमच्या माणसाचं चुकलं. तुमच्या नोकरीवर बालंट आलं त्याच्यापायी. पोटात घाला."

तिनं हात जोडले. घरात दुसरं कुणी नव्हतं. सांगता आलं असतं — एका वाक्याचं तर काम होतं.

मी म्हणालो, "असू द्या, बाई."

मी तिला माफ केलं.