साहेबासाठी साडेसात

बी.ए. होऊन मी नाशिकला परतलो आणि कोर्टातल्या दुभाष्याच्या हाताखाली उमेदवारीला लागलो, तेव्हा मला वाटत होते की इंग्रजी येते, मराठी तर घरचीच. आता शिकायचे ते काय राहिले? गुरूंनी पहिल्या दिवशी मला कोर्टाची पायरीसुद्धा चढू दिली नाही. त्यांनी मला गोदाकाठी, गंगेवरच्या भाजीबाजारात पिटाळले. भाजीवालीच्या मागे उभे राहायचे आणि ती व गिऱ्हाईक जे जे बोलतील ते तोंडातल्या तोंडात इंग्रजीत म्हणत राहायचे, एकही शब्द न गाळता. अंगात कोट, डोक्यावर टोपी आणि ओठ सारखे पुटपुटताहेत! तिसऱ्या दिवशी एका भाजीवालीने माझ्या हातावर दोन वांगी ठेवली आणि शेजारणीला म्हणाली, "चांगल्या घरचा दिसतोय, पण डोक्यावर परिणाम झालाय बिचाऱ्याच्या." मी मुकाट्याने त्याचेही इंग्रजी केले.

हा छळ तीन महिने चालला. गुरू बावीस वर्षे दुभाषी होते आणि त्यांचे म्हणणे एकच, की दुभाष्याने विचार करायचा नाही. विचार केला की वेळ जातो आणि वेळ गेला की न्यायाधीशाच्या खुर्चीतला इंग्रज साहेब बोटांनी टेबल वाजवू लागतो. म्हणून त्यांनी एक वही तयार केली होती. खेड्यातल्या माणसाकडे घड्याळ नाही आणि साहेबाला घड्याळाशिवाय चालत नाही, तेव्हा वहीत दोघांची सोय लावलेली. तांबडे फुटले म्हणजे साडेपाच. सूर्य उगवून बैलाच्या कासऱ्याच्या दोराइतका वर चढला, म्हणजे खेड्यातल्या भाषेत 'कासराभर दिवस वर आला', की साडेसात. दिवस डोक्यावर म्हणजे बारा. दिवेलागण म्हणजे सात.

"उन्हाळ्या-हिवाळ्यात एकच?" मी एकदा विचारले.

"पाठ कर," गुरू म्हणाले. "शहाणपण घरी ठेवून येत जा."

केली पाठ. दुसरे काय करणार?

पुढे एका खटल्याच्या दिवशी गुरूंचा घसा बसला आणि त्यांनी मला उभे केले. घोटीच्या पलीकडच्या डोंगरातला खटला होता. बांधावरून भांडण झाले, कोणीतरी शेजाऱ्याच्या पाठीमागून येऊन त्याच्या खांद्यावर कोयता घातला आणि भावकीतला एक गडी आरोपी म्हणून पिंजऱ्यात उभा होता. तो म्हणत होता, त्या सकाळी नऊ वाजता मी घोटीला भाताच्या गिरणीवर होतो. गिरणीच्या मुनिमानेही तसे शपथेवर सांगितले. गावापासून घोटी दीड तासाच्या चालीवर. म्हणजे सगळे अडले होते ते एकाच गोष्टीवर, मारहाण झाली कधी. ते सांगणारी एक म्हातारी होती.

"कासराभर दिवस वर आला व्हता," ती म्हणाली. "काळी घोंगडी पांघरल्याला गडी पळताना पाठमोरा पाह्यला म्या."

मी क्षणही न दवडता साहेबाला सांगितले, साडेसात वाजता. साहेबाने लिहून घेतले. साडेसात आणि दीड तास, नऊ! सरकारी वकिलाचा चेहरा खुलला. आरोपीचा वकील नाशिकचाच, त्यालाही साडेसात ठीक वाटले. गुरूंनी माझ्याकडे पाहून मान डोलावली आणि मी मूर्खासारखा खूश झालो.

मधल्या सुटीत म्हातारी पायरीवर भाकरी खात बसली होती. मी सहज म्हणालो, "आजी, आज उजाडायच्या आत निघाला असाल."

"न्हाय तर काय! आमच्याकडं उनाची वाट बघत बसलं तर झालंच. उगवतीला ह्यो मोठा डोंगर. त्याच्यावर दिवस यायचा, मंग कासराभर चढायचा. तवर घोटीच्या गिरणीची नवाची शिट्टी हून जाती."

नऊला तर आरोपी गिरणीवर होता! "त्या दिवशी शिट्टी झाली होती?"

"झाली व्हती की. मंगच वरडल्याचा आवाज आला."

"अहो, मग हे आत का नाही सांगितलंत?"

"कुनी इचारलं?" तिने पुढचा घास मोडला.

कोणावर चिडावे तेच कळेना. म्हातारीवर, वकिलांवर, वहीवर, की पोपटासारखे बोलणाऱ्या माझ्यावर? मी धावत गुरूंकडे गेलो. ते बसक्या आवाजात म्हणाले, "नोंद झाली. दुभाष्याने आपण होऊन तोंड उघडायचं नसतं. उघडलंस तर उमेदवारी संपली समज." पिंजऱ्यातला माणूस आठ-दहा वर्षे आत जाणार होता आणि ह्यांना रिवाज सुचत होता! माझे डोकेच फिरले.

कोर्ट पुन्हा बसताच मी उभा राहिलो आणि साहेबाला म्हणालो की साडेसात म्हातारीने सांगितलेच नाहीत, ते मी सांगितले. साहेबाने चष्मा काढला. म्हातारीला परत बोलावले, शिट्टीचे विचारले, तिच्याकडून डोंगर कोणत्या बाजूला ते बोट दाखवून घेतले. मग मला विचारले, "हे साडेसात आले कुठून?"

गुरू माझ्यामागेच बसले होते. "माझ्या डोक्यातून," मी म्हणालो.

आरोपी सुटला. मला सर्वांसमक्ष खरडपट्टी आणि आणखी सहा महिने उमेदवारी मिळाली. आभार मानायचे सोडून गुरूंनी माझ्याशी बोलणेच टाकले. दोन दिवस मी नुसता धुमसत होतो. वही त्यांची, चूक त्यांची, आणि अबोला माझ्याशी!

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. "तुझं आजोळ पेठकडचं ना? घाट उतरल्यावर ओढ्याकाठी एक वाडी लागते. तिथे उगवतीला डोंगर आहे का रे?"

"आहे," मी म्हणालो. "चांगला उंच."

त्यांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "तिथल्या एकाला दहा वर्षांची शिक्षा झाली. साक्षीदाराच्या 'कासराभर'चे साडेसात मीच सांगितले होते. अजून तीन वर्षं राहिलीत त्याची."