आठवी परी

पऱ्या रचण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. नव्वदच्या दशकात, सुट्टीत चांदवडला मामाच्या मळ्यावर गेलो की धाकट्या बहिणीला मी रोज नवी परी द्यायचे. कांद्याच्या चाळीतली रडवी परी, द्राक्षांच्या मांडवातली हिरव्या दातांची परी. मग विहिरीच्या काठावरचे शेंदूर फासलेले सात दगड दिसले. मामी त्यांना साती आसरा म्हणायची, पाण्यातल्या सात बहिणी.

"त्याही पऱ्याच," मी आवाज घोगरा केला. "त्यांना आठवी हवीय. थोरल्या मुलीच नेतात."

"म्हणजे तुला?"

"मलाच!" मी खूश होऊन म्हणाले.

दुसऱ्या दुपारी ती घरात नव्हती. मी विहिरीकडे धावले. अगदी कडेवर बसून ती सातांशेजारी आठवा दगड मांडत होती. त्याला कुंकू लावलेलं, पुढे तिच्याच हिरव्या बांगड्या.

"ताई, त्यांना आठवी दिली. आता तुला नाही नेणार."

मी तिला ओढत घरी आणलं आणि कोणाला काही सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मामी आठही दगडांना शेंदूर लावत होती.

"मामी, सातच होत्या ना?"

"आठच आहेत गं, पहिल्यापासून."

मी बहिणीचा हात घट्ट धरला.