वल्लरी पागनीसच्या नाचाचं मोजमाप

इंदूरच्या सुदामा नगरातली वल्लरी पागनीस गेली तीन वर्षं टीव्हीवर दिसते, पण ती दिसते म्हणजे नेमकी कुठे दिसते, हे आम्हा शेजाऱ्यांना आधी शिकावं लागलं. पडद्यावर एक भरदार हीरो नाचत असतो. त्याच्या काखेखालून मधूनच एक हात बाहेर येतो, मग एक वेणी, मग अर्धा गाल. तो गाल वल्लरीचा.

कार्यक्रमाचं नाव ‘कदमों का सिकंदर’. त्यात बारा नामवंत माणसं नाचतात. त्यांना नाचता येत नाही, हीच त्यातली गंमत. म्हणून प्रत्येकाला एक शिकलेला नर्तक किंवा नर्तकी जोडून देतात. नामवंत माणूस ‘स्पर्धक’ आणि शिकलेला माणूस ‘पार्टनर’. स्पर्धक चांगला नाचला तर परीक्षक म्हणतात, “क्या मेहनत की है!” वाईट नाचला तर पार्टनरकडे बघतात. आणि स्पर्धक बाहेर पडला की पार्टनरही घरी. म्हणजे नापास एकाने व्हायचं आणि नोकरी दुसऱ्याने गमवायची.

वल्लरी सहा वर्षांची असल्यापासून कथक शिकत होती. तिची आई, सुहासिनीकाकू, तिला स्कूटरवर पुढे उभी करून रामबागेतल्या क्लासला सोडायच्या. पुढे तिने इलेक्ट्रॉनिक्समध्ये इंजिनिअरिंग केलं, चांगली नोकरी हातात आली, आणि तिने ती सोडून मुंबई गाठली. तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, एकच प्रश्न विचारला होता, “नाचात पेन्शन असते का?” नसते म्हटल्यावर ते बराच वेळ पंख्याकडे बघत बसले आणि मग म्हणाले, “बरं. बॅग मोठी घे.”

नाना बांधकाम खात्यात सब-इंजिनिअर होते. चौतीस वर्षं त्यांनी पूल, नाल्या आणि रस्ते मोजले. त्यांच्या खात्यात मोजमापाची एक वही असते, तिला ते एमबी म्हणतात. काम झालं की जागेवर जायचं, टेप लावायचा, लांबी, रुंदी, उंची, नग असं सगळं त्या वहीत लिहायचं आणि दोन्ही बाजूंनी सही करायची. वहीत नाही ते काम झालंच नाही, असा नानांचा धर्म. घरातलं लोणचंसुद्धा ते बरणीच्या उंचीवर ओळखतात.

त्यामुळे वल्लरी फोनवर म्हणायची, “नाना, आज बहुत काम झालं,” तेव्हा ते वैतागायचे.

“बहुत हे परिमाण नाही.”

“मतलब?”

“मतलब, किती नग?”

या वर्षी वल्लरीचा स्पर्धक होता विक्रांत. एका मालिकेत तो चार वेळा मरून परत आलेला नवरा होता. मनाने अगदी लोणी, वजनाने ब्याण्णव किलो. तो वल्लरीला आदराने ‘मैडमजी’ म्हणायचा आणि त्याच आदराने तिच्या पायावर पाय द्यायचा. सहा दिवस तालीम आणि सातव्या दिवशी शूटिंग, असा आठवडा. नाच बसवायचा वल्लरीने, गाणं कापायचं तिने, विक्रांतच्या कानात आकडे मोजायचे तिने, आणि तो घाबरला की त्याला पाणी द्यायचंही तिनेच. पैसे मात्र फक्त सातव्या दिवसाचे. उरलेले सहा दिवस कंपनीच्या कागदात नव्हतेच.

हे कळलं त्या दिवशी नानांनी जेवण अर्धवट सोडलं.

“सहा दिवसांचं काम वहीत नाही?”

“वहीच नाहीये, नाना.”

“मग मी आणतो.”

तिसऱ्या दिवशी नाना कोरी वही, दोन पेनं आणि तीस मीटरचा टेप घेऊन मुंबईत तालमीच्या हॉलवर हजर झाले. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. दारातच टेप सोडला आणि भिंतीपासून मोजायला सुरुवात केली. वॉचमनने ते बघितलं आणि तो धावत वर गेला. हॉलच्या मालकाने पोटमाळा बिनापरवानगी बांधला होता. त्याला वाटलं, महानगरपालिकेचा माणूस आला. पाच मिनिटांत नानांसमोर खुर्ची, पंखा, दोन सामोसे आणि थंडगार लस्सी आली. नानांना वाटलं, मुंबईचे लोक फार अच्छे. पुढचे तीन दिवस ते त्या खुर्चीवर बसून निवांत मोजत राहिले. मालक दर तासाला येऊन विचारायचा, “साहेब, सगळं ठीक आहे ना?” नाना म्हणायचे, “अजून लिहून घेतोय.” त्याने घाबरून पोटमाळा उतरवायला घेतला.

तीन दिवसांत वही भरली ती अशी:

विक्रांतचा तोल जाताना सावरणे: ६३ नग.
विक्रांतला ओढत जागेवर नेणे: २१२ रनिंग मीटर.
विक्रांतचा पाय वल्लरीच्या पायावर पडणे: ४१ नग (डावा २८, उजवा १३).
“मुझसे नहीं होगा” असे म्हटल्यावर समजूत काढणे: १९ नग, प्रत्येकी सरासरी चार मिनिटे.
अंगठ्याचे नख निघणे: १ नग.

शेवटच्या ओळीपाशी नाना जरा थांबले होते. तिथली शाई थोडी पसरली आहे.

यानंतर महिनाभराने इंदूरात कार्यक्रमाची मंडळी आली. अंतिम फेरीच्या आधी प्रेक्षकांना रडवायला ‘पार्टनरच्या घरी’ असा दीड मिनिटाचा भाग दाखवायचा होता. परेश नावाचा कंपनीचा निर्माता, एक कॅमेरावाला, विक्रांत आणि वल्लरी, असे चौघे सकाळी नऊला घरी उतरले. दुपारी अडीचचं परतीचं विमान. परेशच्या बॅगेत पुढच्या सीझनचा करार होता, वल्लरीच्या सहीसाठी. त्यात परत तेच, पैसे सातव्या दिवसाचे.

वल्लरीने बाकीच्या अकरा पार्टनरांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये आदल्या दिवशी लिहिलं होतं, की मी रिहर्सलच्या पैशांचं बोलणार आहे. “बोल, हम सब तेरे साथ हैं,” असं अकराही जणांनी कळवलं, आणि मग ग्रुप एकदम शांत झाला. सही केली तर पुढचं वर्षही फुकट तालमीत जायचं. नाही केली तर परेश तिच्या जागी दुसरी मुलगी उभी करणार. मुंबईतल्या खोलीचं भाडं त्या सहीवर अवलंबून होतं.

काकूंनी सगळ्यांना आधी पोहे आणि जिलेबी खायला घातली. परेशने तोंड पुसत घर बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

“अंकल, ये फ्रिज हटा सकते हैं क्या?”

“का? थंड करतो की!”

“नहीं मतलब, आप लोग थोड़े कम खुशहाल दिख सकते हैं? स्टोरी ऐसी है कि पिताजी नाच के खिलाफ थे. पाँच साल बात नहीं की.”

“मी क्लासची फी भरली आहे, भिया. सगळ्या पावत्या आहेत. दाखवू?”

पावत्या राहिल्या. परेश म्हणाला, निदान आई तरी रडेल ना? त्यावर वल्लरी आणि नाना दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सुहासिनीकाकूंचं रडणं म्हणजे सुदामा नगरातली प्रसिद्ध गोष्ट. त्या अनोळखी लग्नात रडतात. कपडे धुण्याच्या पावडरच्या जाहिरातीत आई मुलाला जवळ घेते, तिथे रडतात. एकदा दारावर आलेला कुरिअरवाला म्हणाला की आज माझा शेवटचा दिवस, तर त्याला नेसत्या पदराने डोळे पुसत निरोप दिला होता.

कॅमेरा लागला. काकू सोफ्यावर बसल्या आणि कुणी काही बोलायच्या आतच त्यांचे डोळे भरले. “वा, माँजी!” परेश खूश झाला. “बस, ऐसे ही. रोलिंग...”

तेवढ्यात गल्लीत कचरागाडी आली. काकू ताडकन उठल्या, ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे दोन डबे उचलून बाहेर गेल्या, गाडीवाल्याला “आज लेट झालात भिया” असं सुनावलं, हात धुतले आणि परत येऊन बसल्या. डोळे एकदम कोरडे. परेशने कपाळाला हात लावला.

वल्लरीला हीच वेळ बरी वाटली. तिने आत जाऊन वही आणली.

“सर, कराराचं पण आत्ताच बोलून घेऊया. रिहर्सल के छह दिन भी काम के दिन लिखिए. हम बारहों के.”

परेशने वही उलटसुलट बघितली आणि हसला. “अंकल, डांस को कौन नापता है?”

“जो काम घेतो त्याने मापायला पाहिजे,” नाना म्हणाले. “तुम्ही नाही केलं, म्हणून मी केलं.”

विक्रांत जिलेबी खात वही वाचत होता. तो मध्येच म्हणाला, “इकतालीस कम है, अंकल. आप चाय पीने गए थे ना, तब भी दो बार पैर पड़ा था.”

“मग त्रेचाळीस लिहितो. इथे सही करा.” विक्रांतने मन लावून सही केली.

“बजट नहीं है, वल्लरी,” परेश म्हणाला. “समझा कर.”

“सर, धुराच्या मशीनला रिहर्सलच्या दिवसांचं भाडं जातं. मी बिल बघितलंय. मशीन को मिलता है, मुझे नहीं.”

“अरे, मशीन तो...”

“मशीन कोपऱ्यात उभी राहते. सहा दिवसांत एकदा फुस्स करते.”

विक्रांतने जिलेबी खाली ठेवली. “एक मिनिट. मैडमजी को रिहर्सल का पैसा नहीं मिलता? मुझे तो मिलता है. मैं तो बैठने का भी लेता हूँ!”

परेश त्याला डोळ्यांनी गप्प करत होता, पण विक्रांतला डोळ्यांची भाषा कधीच कळली नव्हती. सगळा सीझन वल्लरी त्याला तीच तर शिकवू बघत होती.

“आधी शूट करूया, मग बघू,” परेश म्हणाला. “माँजी, आप रोइए.”

काकूंचा ओठ थरथरला. डोळे भरले. आणि वल्लरी म्हणाली, “आई, रडू नको.”

“म्हणजे?” काकूंनी विचारलं.

“आधी करार. तोपर्यंत एक थेंब नाही.”

काकूंनी आवंढा गिळला. त्यांच्यासाठी ही केवढी कठीण गोष्ट होती, हे परेशला कळणं शक्य नव्हतं. तो समोर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, “माँजी, सोचिए... आपकी बच्ची, अकेली, इतने बड़े शहर में... बुखार है... कोई पानी देनेवाला नहीं...”

काकूंची हनुवटी उडायला लागली. त्यांनी पदर तोंडात धरला. नाना धोका ओळखून पटकन त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि मोठ्याने म्हणायला लागले, “खडी, चाळीस मिलीमीटर. खडी, वीस मिलीमीटर. जाड वाळू, चाळलेली. मुरूम, पाणी मारून दाबलेला.”

मुरूम दाबेपर्यंत काकू सावरल्या.

मग परेशने कांदा मागवला. काकूंनी स्वतःच चिरून दिला. तीस वर्षं रोज कांदा चिरणाऱ्या बाईला त्याचं काय! कॅमेरावाल्याचे डोळे मात्र वाहायला लागले, विक्रांत अंगणात पळाला, आणि परेश भिंतीला धरून उभा राहिला. काकूंनी त्यालाच रुमाल दिला. “बेटा, थंड पाण्याने धुवा. चोळू नका.”

सव्वाबारा वाजले होते. परेश लाल डोळ्यांनी गच्चीवर गेला आणि मुंबईला फोन लावला. दहा मिनिटांनी खाली आला.

“ठीक है. रिहर्सल के दिन का आधा पैसा. सिर्फ तुझे.”

खोलीचं भाडं वल्लरीच्या डोळ्यांसमोर आलं असणारच. तिने फोन काढला आणि ग्रुपमध्ये एवढंच लिहिलं, “मला एकटीला देतायत. घेऊ का?”

गेले वीस तास गप्प असलेला ग्रुप एका मिनिटात जागा झाला. कुणी लिहिलं, “नको!” कुणी लिहिलं, “मीही सही नाही करणार.” एकाने सुजलेल्या गुडघ्याचा फोटो पाठवला. त्यावर दुसऱ्याने स्वतःच्या कमरेचा. बघता बघता अकरा जणांचे गुडघे, घोटे, खांदे आणि अंगठे ग्रुपवर आले. वल्लरीने फोन परेशसमोर धरला.

“बारहों को, सर. आणि रिहर्सलमध्ये लागलं तर डॉक्टरचा खर्च तुमचा.”

“और स्पर्धक आउट हो गया तो भी पूरा सीझन पैसा, वो भी चाहिए होगा?”

“हो. चाहिए तो सही.”

“वो नहीं होगा. वो मेरे बस का नहीं.” परेश परत गच्चीवर गेला. या वेळी पंचवीस मिनिटं लागली. खाली मात्र कुणी हललं नाही. काकू खडीचे प्रकार स्वतःच मनात म्हणत बसल्या होत्या.

तो खाली आला आणि करार टेबलावर ठेवून हाताने लिहू लागला. बाराही पार्टनर. तालमीचा प्रत्येक दिवस अर्धा दिवस धरायचा. दुखापतीचा खर्च कंपनीचा. शेवटचा मुद्दा राहिला, आणि वल्लरीने तो राहू दिला.

“खाडाखोड आहे, तिथे तिथे सही पाहिजे,” नाना म्हणाले. “दोन्ही प्रतींवर. आणि तारीख.”

“अंकल, फ्लाइट...”

“विमानतळ इथून पंधरा मिनिटं. मी मोजलंय.”

परेशने सोळा ठिकाणी सह्या केल्या. वल्लरीने प्रत्येक ओळ दोनदा वाचली आणि मग आपली सही केली. कॅमेरा परत लागला, पण काकूंना आता इतका आनंद झाला होता की त्यांना हसू आवरेना. परेशने हात टेकले आणि तेच चित्रित केलं. प्रक्षेपणात त्याला ‘खुशी का पल’ असं नाव दिलं गेलं, आणि घरातला फ्रिजही छान दिसला.

निघताना परेशने गाडीत बसत विचारलं, “अब तो खुश?”

“आधी खुश,” वल्लरी म्हणाली. “पैसा भी आधे दिन का ही है ना, सर.”