गिरणेपलीकडे सोडलेली सरकी

आबांना कुणी हाक मारली की ते मान वळवत नसत, अख्खे वळत. जन्मभर कापसाच्या गाठी वाहून मान आखडली होती, वर बघणं तर बंदच. कुणी वर बघायला सांगितलं तर म्हणायचे, "जाऊ द्या भाऊ, वर काय शे?"

भडगावच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई करायच्या कारखान्यात, मी वजनकाट्यावर कारकून होतो आणि आबा गोदामाचे राखणदार. स्वराज्याला चार-सहा वर्षं झाली असतील. दिवसभर रुईची धूळ खाऊन संध्याकाळी आम्ही सगळे मेल्यागत बसायचो. ताजीतवानी असायची ती आबांच्या मांडीवरची मांजरी. सरकीच्या रंगाची, म्हणून नाव सरकी. आबांना दुसरं कुणी नव्हतं. भाकरीतला पहिला घास तिचा.

त्या हंगामात पांढऱ्या रुईवर चिमण्यांची पिसं पडू लागली. कधी पालीचं शेपूट, कधी अर्धा उंदीर. शेजारी पतंगांचे पंखही असत. आढ्यावरची वटवाघळं किडे खातात हे सगळ्यांनाच ठाऊक, म्हणून पंख त्यांच्या नावावर आणि पिसं सरकीच्या. माल खराब होत होता. मुकादम वैतागला.

"आबा, गोदामात मांजर राहील, नाहीतर तुम्ही."

"ती तशी नही शे," आबा म्हणाले.

नदीपार सोडलेलं मांजर परतत नाही, असं आमच्याकडे मानतात. बाजाराच्या दिवशी आबांनी तिला पोत्यात घातलं आणि गिरणेपलीकडे सोडून आले.

पिसं पडतच राहिली.

एका संध्याकाळी आबा दमून रुईच्या ढिगावर उताणे पडले. जरा वेळानं त्यांची हाक आली, "भाऊ, आठे या. आडवं पडा."

मी शेजारी जाऊन उताणा पडलो. वर वाशाला वटवाघूळ लटकलं होतं, तोंडात चिमणी. सावकाश खात होतं आणि पिसं खाली गळत होती. आमच्या माना चांगल्या धडधाकट, पण वर कुणीच बघितलं नव्हतं.

वाटलं, आता आबा शिव्या घालतील. "तेले बी पोट शे," एवढंच म्हणाले आणि तसेच पडून राहिले. मला फार वाईट वाटलं.

मग दर बाजाराला ते नदीपलीकडे सरकीला हाका मारत फिरायचे. पुढच्या हंगामात कामावर आलेच नाहीत. नदीपलीकडच्या वाळूत टरबुजं राखतात असं कळलं, म्हणून गेलो. झोपडीपुढे एका कौलावर भाकरीचा कुस्करा ठेवला होता.

"सरकी येते?" मी विचारलं.

आबा अख्खे वळले. "सकायले कौल रिकामं ऱ्हातं."

"पण खातं कोण?"

"ते मी देखाले जात नही, भाऊ."