भिवापूरची मिरची आणि पुढची सीट

संक्रांत झाली की आम्ही भिवापूरला मिरची आणायला जातो. येताना दरवर्षी एक पोतं मिरची येते आणि सोबत एक किस्सा येतो. मिरची दिवाळीपर्यंत संपते. किस्सा मात्र घरातच राहतो, आणि आता तर इतके साठलेत की कुठून सुरुवात करावी कळत नाही.

आम्ही म्हणजे मी, निर्मला, कुंदा आणि कुंदाचे मिस्टर वसंतभाऊ. आम्ही तिघी एकाच गल्लीत वाढलो. तेव्हा घरोघरी हातमाग होते. आता माग गेले, आणि तिघीही नागपूरच्या नंदनवनात येऊन स्थिरावलो. निर्मला शाळेत शिकवते, कुंदा शिवणक्लास घेते आणि मी घरी काळा मसाला करून विकते. म्हणजे मिरची माझी, गाडी वसंतभाऊंची आणि बडबड निर्मलाची, अशी वाटणी होती.

*

सुरुवात गाडीपासूनच करते. वसंतभाऊंना सीटबेल्टचा मनापासून राग. बेल्ट नाही लावला की गाडी टुंग टुंग करायची. त्यावर त्यांनी उपाय काढला होता. बेल्ट आधी खटक्यात अडकवायचा आणि मग त्याच्या पुढे बसायचं. गाडी गप्प, भाऊ मोकळे.

कुंदा शेजारच्या सीटवरून दर ट्रिपला तेच म्हणायची, "कितीदा सांगितलं तुमाले, बेल्ट लावत जा म्हणून."

एका वर्षी डिकी भरली, म्हणून मिरचीचं पोतं पुढच्या सीटवर ठेवलं आणि कुंदा आमच्यात मागे आली. गाडी टुंग टुंग करायला लागली. त्या सीटवर वजन आलं की तिला वाटतं माणूस बसलाय. वसंतभाऊंनी शांतपणे पोत्याला बेल्ट लावला.

कुंदा म्हणाली, "पाह्यलं? मिरचीची काळजी आहे माणसाले, सोताची नाही."

*

आता चकव्याचा. उमरेड सोडल्यावर निर्मलाला आठवण झाली की इकडे शेतात जुन्या काळचे दगडांचे गोल आहेत, ते बघू. फोनवरची बाई सांगेल तसं आम्ही वळत गेलो. भर दुपार होती. दोन्हीकडे तूर, मध्ये गाडीवाट, माणूस एक दिसेना. एका वळणावर एक बुजगावणं होतं. मडक्याचं डोकं, आणि अंगात कोणाच्या तरी लग्नातला कोट.

पुढे गेलो तर पुन्हा तेच बुजगावणं. गाडी फिरवली, दुसरी वाट धरली, तर तिथेही कोटवाले साहेब हजर. निर्मला म्हणाली, असे कोट पुष्कळ असतात. वसंतभाऊंनी गाडी थांबवली.

"मघाशी याची पाठ होती ना आपल्याकडं?" ते म्हणाले. "आता तोंड काहून आहे?"

तेवढ्यात फोनमधली बाई बोलली, "तुम्ही पोहोचला आहात." कोणी हसलं नाही.

चकवा लागला की शर्ट उलटा घालायचा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. वसंतभाऊ खाली उतरले, शर्ट काढला, उलटा घातला आणि गाडीत बसले. पुढचंच वळण घेतलं तर समोर डांबरी रस्ता. या घोळात शर्ट तसाच राहिला आणि मिरचीच्या बाजारात ते शिवण दाखवत फिरले. व्यापाऱ्याने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पोत्याचं तोंड बांधता बांधता विचारलं, "कोटवाला भेटला वाटते?"

*

त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही रस्त्यावरच्या एका ढाब्यावर थांबलो. त्याच्या दारात सिमेंटचं भलंमोठं संत्रं आहे. आत शिरून फोटो काढतात. बेसनाच्या पाटोडीचा रस्सा असा की जेवताना डोळ्यांतून पाणी आणि पुन्हा वाढून घ्यायचा मोह. पण जेवायला बसतोय तोच मालक म्हणाला, "काय विसरलं?"

"काहीच नाही. काहून?"

"आताच तर जेवून गेले तुमी. साहेबानं शर्ट उलटा घातला होता. मी मनात म्हटलं, सांगू का नको."

वसंतभाऊंचा शर्ट त्या दिवशी सुलटा होता. नवा होता, कडक इस्त्रीचा. आम्ही तिघींनी तरी तो एकदा पाहून घेतला. वसंतभाऊ मात्र म्हणाले, "जेवले ना बराबर? मग आमालेही तेच आणा."

निघताना निर्मलाने हळूच विचारलं, ते लोक गेले कुठे. मालकाने रस्त्याकडे बोट केलंच नाही. त्याने तुरीकडे केलं. "तिकडं. शेतात गाडी घातली."

*

हे आम्ही रामाजीभाऊंना सांगितलं. माझी मिरची यांच्या शेतातली असते. बाजारातली लागेल तेवढी वर घेते, पण मसाल्याचा रंग रामाजीभाऊंच्याच मिरचीचा. निर्मलाचा तो दगडांचा गोल शेवटी सापडला तो यांच्याच शेतात. एका आंब्याखाली गुडघाभर उंचीचे काळे दगड, रिंगणात मांडलेले. त्याच्या अलीकडे गोवऱ्या पेटवून ते आम्हाला कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी खाऊ घालतात. पहिला रोडगा पानावर ठेवून रिंगणात जातो. का, ते त्यांच्या आजोबांनाही माहीत नव्हतं.

निर्मलाला त्या वर्षी शाळेतलं विज्ञान आठवलं, रिंगणात कोण खायला येणार. कुत्र्याच्या तरी पोटात जाईल म्हणून ती रामाजीभाऊंच्या कुत्र्याला तिकडे हाकलत होती. कुत्रं दगडांपर्यंत गेलं, थांबलं आणि शेपूट घालून परत आलं. जेवणं झाल्यावर आम्ही पाहिलं तर रोडगा पानावरच होता. पण मधोमध फोडलेला होता, आपण तूप घालायला फोडतो तसा.

"तूप टाकलं नाही ना तुमी," रामाजीभाऊ वाटी घेऊन उठले. "कोरडा कोण खाईन?"

मग त्यांनी ढाब्याची गोष्ट पूर्ण ऐकून घेतली आणि वसंतभाऊंना म्हणाले, "चकव्यात गेलेला माणूस पुरा वापस येत नाही गा. थोडा राहते तिथंच, फिरत. आता या भागातून निंगताना नाव घेऊन बोलवत जा एकेकाले. ज्याचं नाव घेतलं, तो पुरा घरी येते."

तेव्हापासून ते वसंतभाऊंचं काम झालं. गाडी सुरू करण्याआधी रिंगणाकडे तोंड करून मोठ्याने, "निर्मला, घरी चाल." निर्मलाने म्हणायचं, "आली." मग मी, मग कुंदा. शेवटी रामाजीभाऊ हाक देत, "वसंतभाऊ, घरी चाला," आणि ते ओ देऊन स्टेअरिंगवर बसत. आम्हाला ती गंमतच वाटायची.

*

मागच्या वर्षी रामाजीभाऊ लेकीकडे गेले होते. रोडगे आम्हीच भाजले, जरा करपलेच. वसंतभाऊंनी आमची तिघींची नावं घेतली, आम्ही ओ दिली आणि निघालो. नागपूर येईपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही की त्यांना कोणी हाक दिलीच नाही. लक्षात आलं असतं तरी दिली कोणी असती? आम्ही दोघी त्यांना समोर भाऊजीच म्हणायचो. आणि कुंदाने लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव कधी घेतलंच नव्हतं, घेतलं ते उखाण्यात.

पावसाळ्यात वसंतभाऊ दुपारी जेवून झोपले ते उठलेच नाहीत.

तेरवीनंतर कुंदा माझ्याकडे आली. खूप वेळ मसाल्याच्या डब्यांकडे पाहत बसली आणि म्हणाली, "ते तिथंच राहिले वं. आपण त्याहिले घेऊनच नाही आलो." मला रडू आलं, आणि खरं सांगते, भीतीही वाटली. कुंदाने गाडी विकली नाही. ड्रायव्हिंगचा क्लास लावला.

*

या वर्षी गाडी कुंदाने चालवली. तिने आधीच सांगितलं होतं, पुढच्या सीटवर कोणी बसायचं नाही, काही ठेवायचंही नाही. मी आणि निर्मला मागे, पर्स, बाटल्या आमच्या मांडीवर. जाताना गाडी एका शब्दाने बोलली नाही.

रामाजीभाऊंना सगळं कळलं होतं. रोडगे झाले, पहिला रिंगणात गेला, यंदा तूप घालून. ऊन डोक्यावर होतं आणि आंब्यावर एक पाखरू नव्हतं. कुंदाने निर्मलाचं नाव घेतलं, माझं घेतलं. तिचं मी घेतलं. मग राहिलं नवऱ्याचं, ते काही तिच्या तोंडून निघेना.

निर्मलाने तिची सोय पाहिली. "रामाजीभाऊ, उखाणा चालते का?"

"नाही बाई. सरळ नाव पाहिजे."

कुंदाने पदर डोक्यावरून घेतला आणि रिंगणाकडे पाहून म्हणाली, "वसंतराव." मग आणखी मोठ्याने, शेताच्या पलीकडे जाईल इतक्या मोठ्याने, "वसंतराव, घरी चाला."

ओ आली नाही. आम्ही बराच वेळ थांबलो. रामाजीभाऊंनी पोतं डिकीत टाकलं आणि म्हणाले, "बसा गाडीत. मागं पाहू नका."

आम्ही दोघी मागे बसलो. कुंदाने आपला बेल्ट लावला, किल्ली फिरवली. गाडी शेतातून रस्त्याला लागली.

आणि टुंग टुंग सुरू झालं.

निर्मलाने माझा हात धरला. आमचे बेल्ट लावलेले होते. समोर काचेजवळ शेजारच्या सीटचा लाल दिवा लागला होता. सीट रिकामी होती, वर एक रुमालसुद्धा नव्हता.

कुंदाने गाडी कडेला घेतली. डावीकडे वाकून तिने त्या सीटचा बेल्ट ओढला, नीट आडवा आणला आणि खटक्यात अडकवला. आवाज थांबला.

"कितीदा सांगितलं तुमाले," ती म्हणाली, "बेल्ट लावत जा म्हणून."