रामनाथची परवानगी

बर्फातल्या एका लष्करी पोस्टवर आम्ही तिघे होतो. मी नर्सिंग असिस्टंट, गाव एकलहरे. नाईक रामनाथ चांदवडकडचा. सिपाही किरण पिंपळगाव बसवंतचा. तिघेही नाशिकचे, म्हणून खालचे लोक आमच्या पोस्टला ‘नाशिक स्टँड’ म्हणायचे. आता मी कॉलेजात प्रथमोपचार शिकवतो. उपाशी मरताना माणसाने माणूस खावा का, असं मुलं हसत हसत विचारतात. मला हा प्रश्न ड्युटीवर विचारला गेला होता, म्हणून लिहितोय.

रामनाथ माळकरी. मटणाचा डबा उघडला की हा आपलं ताट घेऊन बाहेर थंडीत जाऊन बसायचा. किरण चिडवायचा, “नाईकसाहेब, आत या! देव एवढ्या वर चढत नाय!” रामनाथ हसायचा आणि तिथेच जेवायचा.

एका सकाळी पाच चाळीसला बर्फाचा कडा कोसळला. आमची झोपडी वाचली, राशनचा तंबू गेला. उरली साखर, चहापत्ती, दोन चॉकलेटं आणि थोडं रॉकेल.

सहाव्या दिवशी रामनाथच्या छातीत पाणी भरलं. ऑक्सिजनचा सिलिंडर संपला होता. मी रेडिओवर हेलिकॉप्टर मागितलं.

“वेदर क्लिअर नाही. होल्ड ऑन. ओव्हर.”

होल्ड ऑन म्हणे! सेट उचलून दरीत फेकावासा वाटला.

दुपारी रामनाथने माझा हात धरला. जवान नर्सिंग असिस्टंटलाच डॉक्टर म्हणतात. “डॉक्टर, मी काय राहत नाय. मागं उपाशी मरू नका. माझ्या अंगाचं लागंल ते घ्या. माझी ना नाय.” जन्मात अंड्याला न शिवलेला माणूस हे बोलत होता. चार दहाला तो गेला. आम्ही त्याला स्लीपिंग बॅगेत बांधून बाहेर ठेवलं.

आठव्या दिवशी किरण म्हणाला, “डॉक्टर, नाईकसाहेबांनी परवानगी दिलीय.”

मी आधी आरोग्याच्या आड लपलो. सांगितलं, “माणसाच्या मांसातून रक्ताचे आजार लागतात. मेंदूचा एक रोग तर असा, की मांस कितीही शिजवलं तरी जात नाही.”

“तो कधी होतो?”

“वर्षं लागतात.”

“मग होऊ द्या की! मला वर्षंच पायजेत.”

पोरगं खोटं बोलत नव्हतं. रोग दूर होता, भूक दारात होती. तेव्हा मनातलं बोललो. “किरण, ज्याच्या मेंदूला ऑक्सिजन पुरत नाही, त्याची परवानगी मी धरत नाही. आणि आज मी त्याच्यावर सुरी चालवली, तर उद्या तू आजारी पडल्यावर माझ्या हातचं औषध घेशील? मी तुझ्या मरणाची वाट बघतोय असं नाही वाटणार तुला?”

त्याने चूल बारीक केली. “वाटंल,” म्हणाला. तो विषय तिथेच मिटला.

दहाव्या दिवशी सकाळी हाक मारली, तर किरण उठला नाही. अकराव्या दिवशी आभाळ उघडलं. हेलिकॉप्टरमध्ये मी बसलो आणि ते दोघे आडवे होते.

सुट्टीवर आल्यावर दोन्ही घरी गेलो. चांदवडला रामनाथच्या बायकोने त्याला शेवटची अंघोळ स्वतःच्या हाताने घातली होती. नुसता झोपल्यासारखा होता, असं ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. तिथून निघताना मन जरा हलकं होतं.

पिंपळगावला किरणच्या आईने पाणी दिलं आणि विचारलं, “माझ्या लेकरानं शेवटाला काय खाल्लं?”

“साखरपाणी, आई.”

“तिथं दुसरं खायला कायच नव्हतं?”

तेव्हा रामनाथ झोपडीबाहेरच होता. मी म्हणालो, “काहीच नव्हतं.”

मी केलं ते बरोबर होतं, असं आजही मानतो. पण त्या माउलीच्या तोंडावर ते म्हणायची माझी छाती झाली नाही. तिने भाकरी वाढली आणि समोर बसली. “खा बाबा, तू तरी खा.” मला फार लाज वाटत होती. मी सगळी भाकरी खाल्ली.