सोय आणि एस्तोय

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी बावीस वर्षांची, जानेफळच्या शाळेत मास्तरीण. एकदा मेहकरच्या स्टँडवर उतरले आणि गाडीच्या टपावरची ट्रंक काढायला मीच शिडी चढले. हमाल दूर होता आणि मला धीर नव्हता. उतरताना लुगड्याचा काठ शिडीत अडकला आणि मी खाली पडले. मांडीचं हाड मोडलं.

गावाबाहेर परदेशी सिस्टरांचा आठ खाटांचा दवाखाना होता. तिथे माझ्या पायाला दोरी बांधली आणि खाटेच्या पायथ्याशी, कप्पीवरून, विटा टांगल्या. दोन महिने असंच उताणं पडून राहायचं. शेजारच्या मळ्यातली मोट दिवसभर कुरकुरायची. दुपारी कौलांच्या फटीतून उन्हाचा एक ठिपका भिंतीवर पडे आणि सरकत सरकत माझ्या पांघरुणावर येई. तो छातीपर्यंत पोचेतो मी जागी आहे की झोपेत, हे मलाच कळेनासं व्हायचं.

माझी देखभाल करणारी सिस्टर स्पेनची होती. पन्नाशीची, दंड पैलवानासारखे. मराठी ती पेशंटांकडूनच शिकलेली, म्हणजे अस्सल वऱ्हाडी. पहिल्या सकाळी थर्मामीटर झटकत तिनं विचारलं, "काऊन बे, दुखून राह्यलं का?"

मला हसू फुटलं, पाय हलला, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मी सांगितलं, "बाईमाणसाला बे म्हणत नाहीत, सिस्टर."

ती चपापली. "डॉक्टरले पन नाई?"

"डॉक्टरांना तर मुळीच नाही."

"मी तं रोज म्हनतो." ती जरा वेळ थर्मामीटरकडे बघत बसली. मग म्हणाली, "तू मले चांगली मराठी शिकव. मी तुले माह्यी भाषा शिकवतो."

जेवणं उरकली की ती स्टूल ओढून बसायची. सुरुवात बोलण्यापासून झाली. आब्लो, आब्लास, आब्ला. मी बोलते, तू बोलतेस, तो बोलतो. "पुरुष असेल तर काय म्हणेल?" मी विचारलं. तोही आब्लोच म्हणेल, असं ती म्हणाली. मला हे पटेचना. बाईनं बोललं काय आणि बाप्यानं बोललं काय, क्रियापद तेच! मग कोमो, मी खाते. बीबो, मी राहते. ती उठून गेली तरी शब्द जात नसत. मोट वर येताना बीबो, बीबेस म्हणायची, खाली जाताना बीबे. डोळे मिटले की समुद्राकाठचं एखादं पांढरं गाव दिसे, आणि त्या गावात आमचा वांग्यांचा मळा असे.

बाबा बाजारच्या दिवशी वांगी-मेथी विकून माझ्याकडे यायचे. एकदा दारातच थबकले. "सिस्टरबाई, पोरीले ताप चढला का? बरळून राह्यली."

"बरळत नाही बाबा," मी डोळे न उघडता म्हणाले, "शिकून राह्यली." ट्रेनिंग कॉलेजात दोन वर्षं खपून जिभेवरून घालवलेली बोली अशी आपसूक परत आली.

मग 'असणे' आलं, आणि तिथे मी अडले. आपलं 'आहे' एकच. त्यांची दोन. "सोय म्हंजे नेहमीचं," सिस्टर म्हणाली. "एस्तोय म्हंजे आता, आज." सोय माएस्त्रा, मी शिक्षिका आहे. एस्तोय एन्फेर्मा, मी आजारी आहे. सोय ऐकून मला गंमत वाटायची, कारण आमच्याकडे सोय पाहुण्यांची करतात. हे दोन शब्द घोळवत मी कितीतरी दुपारी तरंगत काढल्या.

विटा काढल्या त्या दिवशी डॉक्टरांनी फितीनं दोन्ही पाय मोजले. मोडलेला इंचभर आखूड भरला. त्याच आठवड्यात बाबा आले आणि पिशवी खाली न ठेवताच उभे राहिले. माझी सोयरीक सोनाळ्याला ठरली होती.

"सोनाळ्याहून निरोप आला, बाई. ते आता नाई म्हनून राह्यले."

मी बरं म्हटलं. दुपारी सिस्टर आली तेव्हा तिला लंगडीला काय म्हणतात ते विचारलं. कोहा, ती म्हणाली.

"सोय कोहा," मी म्हणाले.

"नाई. एस्तोय कोहा." तिनं मान ठामपणे हलवली.

चार दिवस आमचं हेच चाललं. मी सोय म्हणायची, ती एस्तोय. पाचव्या दिवशी मी सरळ विचारलं, "सिस्टर, खरं सांगा. पाय लांब होईल?"

तिनं हात मांडीवर ठेवले.

"नाई होत," ती म्हणाली.

"मग?"

"सोय," ती अगदी हळू म्हणाली.

तेव्हा मी पहिल्यांदा रडले. तिनं आपल्या जाड्याभरड्या एप्रनानं माझं तोंड पुसलं, लहान पोराचं पुसावं तसं, जरा जोरातच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुबड्या मागितल्या.

मेहकरच्या मोच्यानं एका चपलेला जाड तळ लावून दिला आणि मी शाळेत परतले. वर्षभरानं सिस्टरची दक्षिणेकडे बदली झाली. भूतकाळ शिकायचा राहूनच गेला.

चार वर्षांनी पाहायला आले ते शेजारच्या शाळेतले एक मास्तर होते. मी मुद्दाम चहाचा ट्रे घेऊन अंगणभर चालत गेले, म्हणजे नंतर कुणी काही म्हणायला नको. त्यांनी नीट पाहिलं. मग विचारलं, "घरापासून शाळेत जायला किती वेळ लागतो?"

"पंचवीस मिनिटं. बाकीच्यांना पंधरा."

"हाव," ते कप उचलत म्हणाले, "मग आपण दहा मिनिटं आधी निघू."